एका कॉफीचं भाडं: फास्ट फूडच्या दुकानाचा कट्टा कसा होतो

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात फ्लशिंग नावाची वस्ती आहे. पार्सन्स बुलेवार्ड आणि नॉर्दर्न बुलेवार्ड हे दोन रस्ते जिथे भेटतात, त्या कोपऱ्यावरच्या मॅकडोनाल्ड्समधलं भांडण २०१४च्या जानेवारीत वर्तमानपत्रात आलं. कोरियाहून येऊन तिथे स्थायिक झालेली म्हातारी माणसं रोज त्या दुकानात जमायची. काही जण तर पहाटे पाचलाच. कुणी एक डॉलर नऊ सेंटची छोटी कॉफी घ्यायचं, कुणी दोघांत मिळून फ्राइजचं एक पाकीट. त्यावर गप्पा चालायच्या त्या दुपारपर्यंत, कधी अंधार पडेपर्यंत. भिंतीवर पाटी होती की खाणं २० मिनिटांत संपवावं. दुपारी जेवायला आलेल्या गिऱ्हाइकांना हातात ट्रे घेऊन उभं राहावं लागायचं. शेवटी दुकानाने पोलिसांना बोलावलं, आणि तेही एकदा नव्हे. पोलीस आजी-आजोबांना बाहेर काढायचे. आजी-आजोबा चौकाला एक फेरी मारायचे आणि परत आपल्या खुर्चीवर येऊन बसायचे.

कोरियन समाजातल्या पुढाऱ्यांनी दुकानावर बहिष्कार घालायची हाक दिली. मग त्या भागाचे राज्य विधानसभेतले प्रतिनिधी रॉन किम मध्ये पडले आणि तोडगा निघाला: २० मिनिटांऐवजी तासभर बसा, फक्त सकाळी ११ ते दुपारी ३ ही गर्दीची वेळ सोडा.

ज्येष्ठांसाठीची सोय त्या भागात नव्हती असं नाही. तरीही बर्गरच्या दुकानातल्या कडक बाकांवर बसण्यासाठी माणसं पोलिसांशी इतका चिवट लपंडाव का खेळतात? हे नीट कळलं, तर शहरात माणसं एकमेकांना कशी आणि कुठे भेटतात याचा बराच उलगडा होतो.

आपल्याकडे या गोष्टीला शब्द आहेत. पार, चावडी, ओटा, कट्टा. काम नसताना जायचं, आधी फोन करायचा नाही, आणि कोण भेटेल ते नक्की नसलं तरी कुणीतरी भेटणार हे नक्की, अशी जागा. रे ओल्डनबर्ग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९८९च्या आपल्या पुस्तकात अशा जागेला ‘तिसरी जागा’ म्हटलं. पहिली जागा घर, दुसरी कामाचं ठिकाण आणि ही तिसरी. त्यांनी तिची लक्षणंही सांगितली. तिथे कुणी यजमान नसतो आणि कुणी पाहुणा नसतो. बाहेरची पत दाराबाहेर राहते. मुख्य काम बोलणं हेच. जागा घराजवळ असते, बराच वेळ उघडी असते, दिसायला साधी असते आणि तिथे नेहमीचे चेहरे असतात. त्यांच्या डोळ्यांसमोर इंग्रजांचे पब, फ्रेंच कॅफे, जर्मन धाटणीच्या बिअर बागा होत्या. पण हीच लक्षणं घेऊन फ्लशिंगच्या त्या कोपऱ्यावर गेलं, तर एकेक जुळत जातं.

मला यातलं सगळ्यांत मोलाचं वाटतं ते ‘कुणी यजमान नाही’ हे लक्षण. कुणाच्या घरी जायचं तर आधी कळवावं लागतं, हातात काहीतरी न्यावं लागतं, सूनबाईंना चहा टाकावा लागतो, आणि रोज तर जाताच येत नाही. सरकारी किंवा संस्थेच्या केंद्रात गेलं की नाव नोंदवायचं, वेळापत्रक पाळायचं, आणि आपण ‘ज्येष्ठ नागरिक’ या खात्यात मोडतो हे मान्य करायचं. बर्गरच्या दुकानात यातलं काहीच नाही. तिथे तुम्ही गिऱ्हाईक. विशीतला पोरगाही गिऱ्हाईक आणि ऐंशीची आजीही गिऱ्हाईक. एका कॉफीत ही बरोबरी मिळते. म्हणून मी त्या कॉफीच्या पैशांना पेयाची किंमत मानत नाही. ते भाडं आहे, खुर्चीचं आणि अब्रूचं. कागदी पेला समोर आहे तोवर ‘तुम्ही इथे का बसलात?’ असं विचारायला कुणी धजत नाही.

आता गंमत अशी की ही दुकानं मुळात माणसांनी रेंगाळू नये म्हणून घडवली गेली होती. डिक आणि मॅक या मॅकडोनाल्ड बंधूंचं कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोमधलं दुकान १९४०चं. सुरुवातीला तिथे गाडीपाशी येऊन ऑर्डर घेणाऱ्या मुली होत्या, चिनी मातीच्या बशा होत्या, आणि तासन्‌तास गाड्या लावून बसणारी पोरं होती. १९४८मध्ये भावांनी दुकान काही महिने बंद ठेवलं. उघडलं तेव्हा त्या मुली नव्हत्या, बशा नव्हत्या, मेन्यूत जेमतेम नऊ पदार्थ उरले होते आणि हॅम्बर्गर १५ सेंटला मिळत होता. खिडकीशी या, कागदात गुंडाळलेलं घ्या आणि निघा. पुढे रे क्रॉक यांनी १९५५मध्ये इलिनॉयमधल्या डेस प्लेन्सला आपलं पहिलं दुकान काढलं आणि हा धंदा देशभर नेला. त्यांनी दुकानात गाण्याची पेटी, सार्वजनिक फोन आणि सिगारेटची यंत्रं ठेवायला बंदी केली होती. कारण एकच: पोरांचा अड्डा जमायला नको. आत बसायची सोय सगळीकडे आली ती साठच्या दशकात आणि त्यानंतर.

मग कट्टा जमला कसा? तो खुर्चीच्या हिशेबातून जमला. हा हिशेब समजला की फ्लशिंगचा तोडगाही समजतो.

समजा एका दुकानात ६० खुर्च्या आहेत आणि दुपारची गर्दी दोन तासांची. प्रत्येक जण २० मिनिटांत उठला तर एका खुर्चीवर सहा माणसं जेवून जातात, म्हणजे एकूण ३६०. प्रत्येक जण तासभर बसला तर १२०च. जागेचं भाडं, वीज, पगार सगळं तेवढंच. या दोन तासांत कॉफीवर बसलेली आजी दुकानदाराला खरंच महाग पडते, आणि हे तिच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही मान्य करायला हवं. आता तेच दुकान दुपारी चारला बघा. निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या. रिकामी खुर्ची कमावत नाही आणि तिच्यावर कुणी बसलं म्हणून खर्चही वाढत नाही. उलट बाहेरून बघणाऱ्याला दुकान भरलेलं दिसतं आणि तो आत शिरतो. एकच माणूस दुपारी एकला अडचण असतो आणि चारला शोभा. ११ ते ३ सोडून तासभर बसा, हा तोडगा या हिशेबावर बेतलेला आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. जगभरातली मॅकडोनाल्ड्सची जवळपास ९५ टक्के दुकानं कंपनी स्वतः चालवत नाही. स्थानिक माणूस नाव, पद्धत आणि माल घेऊन आपल्या भांडवलावर दुकान चालवतो आणि कंपनीला हिस्सा देतो. पाटी सगळीकडे सारखी असली तरी कुणाला किती वेळ बसू द्यायचं, हे बरंचसं त्या दुकानदारावर आणि त्याच्या पाळीच्या मॅनेजरवर असतं. म्हणूनच एका गावात सकाळच्या टोळक्यासाठी टेबलं जोडून ठेवलेली असतात आणि दुसऱ्या गावात पोलीस येतात.

या सकाळच्या टोळक्यांबद्दल ख्रिस आर्नेड यांनी फार मन लावून लिहिलं आहे. हे गृहस्थ वीसेक वर्षं वॉल स्ट्रीटवर होते. नोकरी सोडून, कॅमेरा घेऊन ते अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांत फिरू लागले. कोणत्याही पडीक गावात गेलं तरी माणसं भेटायची जागा एकच निघत होती, मॅकडोनाल्ड्स. सकाळी निवृत्त कामगारांची टेबलं. कुठे बायबल वाचनाची मंडळं, कुठे पत्ते. दुपारी फोन चार्ज करायला आलेले बेघर. नशेच्या आहारी गेलेली माणसं, जी तिथल्या मोरीत तोंड धुऊन तासभर चारचौघांसारखी बसू शकत होती. कारखाना बंद पडला, चर्चमधली माणसं पांगली, ग्रंथालय पाचला बंद होतं. दिवे लागलेलं, गरम, शौचालय असलेलं आणि स्वस्त असं एकच दार उरलं होतं. आरोग्याच्या दृष्टीने हे खाणं कसं आहे ते आपण जाणतोच. पण ‘असल्या ठिकाणी माणसं जातातच कशाला?’ असं म्हणणाऱ्याने आधी त्या गावात दुसरं कोणतं दार उघडं आहे ते बघावं, हे आर्नेड यांचं म्हणणं मला पटतं.

पूर्व आशियात हे आणखी वेगळ्या रीतीने घडलं. हाँगकाँगमध्ये मॅकडोनाल्ड्स १९७५मध्ये आलं. तिथली घरं इतकी लहान, की शाळेतून आलेल्या मुलाला वही उघडून बसायलाही जागा नाही. मानववंशशास्त्रज्ञ जेम्स वॉटसन यांनी नव्वदच्या दशकात तिथे अभ्यास केला तेव्हा त्यांना दिसलं, की दुपारी तीन ते सहा ही दुकानं जवळजवळ शाळकरी मुलांची क्लबघरं होतात. गणवेशातली मुलं गृहपाठ करताहेत, एकमेकांच्या वह्या बघताहेत. व्यवस्थापकांनीही त्यांना हाकललं नाही. वेळ बघा, तीन ते सहा. पुन्हा तोच रिकाम्या खुर्चीचा हिशेब.

त्याच शहरात रात्रीचं चित्र मात्र जीव गलबलवणारं आहे. दुकानं चोवीस तास उघडी राहू लागली तशी ज्यांना घर नाही, किंवा ज्यांचं घर झोपण्याजोगं नाही, अशी माणसं रात्री तिथे टेबलावर डोकं टेकू लागली. लोक त्यांना ‘मॅकरेफ्युजी’, म्हणजे मॅकडोनाल्ड्सचे निर्वासित, म्हणू लागले. २०१५च्या ऑक्टोबरमध्ये अशाच एका दुकानात एक बाई टेबलाशी मरण पावली, आणि आजूबाजूला माणसं खातपीत असताना कित्येक तास ते कुणाच्या लक्षात आलं नाही. नुसतं एका छताखाली असणं आणि एकमेकांना ओळखणं यांत किती अंतर असतं, ते या मृत्यूने दाखवलं. खुर्च्या-टेबलांनी कट्टा होत नाही. रोजचे चेहरे हवेत. ‘काल आला नाहीत?’ असं विचारणारं कुणी तरी हवं.

हा प्रश्न माणसाचा जीव वाचवू शकतो का? १९९५च्या जुलैमध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली आणि ७३९ जास्तीचे मृत्यू झाले. बरेचसे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचे. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायनेनबर्ग यांनी एकमेकांना लागून असलेल्या दोन वस्त्या ताडून पाहिल्या, नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकटे राहणारे म्हातारे. पण पहिल्या वस्तीतला मृत्युदर दुसरीच्या दहापट होता. नॉर्थ लॉनडेलमध्ये दुकानं बंद पडलेली, प्लॉट ओसाड, रस्त्यावर भीती. माणसं दारं-खिडक्या लावून आत राहिली. साउथ लॉनडेलमध्ये रस्ता गजबजलेला, दुकानं आणि खानावळी उघड्या. म्हातारी माणसं उकाड्यात बाहेर पडली, थंड दुकानात जाऊन बसली, आणि कोण दिसलं नाही ते शेजाऱ्यांच्या ध्यानात आलं. पूल, नळ, वीज या जशा शहराच्या सोयी तशीच माणसं एकत्र येण्याची जागा हीही सोयच, असं क्लायनेनबर्ग यांनी पुढे मांडलं. त्याला ते ‘सामाजिक पायाभूत सुविधा’ म्हणतात.

कट्ट्यावरची ओळख जिवाभावाची असावीच लागते असंही नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३मध्ये ‘सैल नात्यां’ची ताकद दाखवून दिली. नोकरीची बातमी बऱ्याचदा जवळच्या मित्राकडून नाही, तर तोंडओळखीच्या माणसाकडून कळते, कारण जवळच्या मित्राला जे ठाऊक असतं ते आपल्यालाही आधीच ठाऊक असतं. शेजारच्या टेबलावरचा, ज्याचं आडनावही माहीत नाही असा माणूस अशा कामी येतो.

पण एक गोष्ट विसरून चालत नाही. दुकान हे दुकान आहे. तिथला बसण्याचा हक्क मालकाने दिलेला असतो आणि तो काढूनही घेता येतो. अमेरिकेत हा प्रश्न फार जुना आणि फार कडवट आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो गावात वूलवर्थचं मोठं दुकान होतं. काळ्या माणसांनी तिथे वह्या, साबण, टूथपेस्ट काहीही विकत घ्यावं. मात्र खाण्याच्या काउंटरवर बसायचं नाही. १ फेब्रुवारी १९६० रोजी चार काळे विद्यार्थी त्या काउंटरवर बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. ती मिळाली नाही. ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी मुलं आली, काही दिवसांत शेकडो, आणि आंदोलन गावोगाव पसरलं. २५ जुलै १९६० रोजी दुकानाने ते काउंटर सर्वांना खुलं केलं. गावच्या हॉटेलात काही जातींसाठी बाहेर ठेवलेली वेगळी कपबशी ज्यांच्या आठवणीत आहे, त्यांना हा लढा किती मुळाचा होता ते वेगळं सांगायला नको. पैसे तेच, चहा तोच. नाकारलं जात होतं ते बरोबरीने बसणं.

२०१८च्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात स्टारबक्सच्या एका दुकानात दोन काळे तरुण कुणाची तरी वाट बघत, काही न मागवता बसले होते. त्यांना बेड्या घालून नेलं. देशभर संताप उसळला. कंपनीने एका दुपारी अमेरिकेतली सुमारे ८,००० दुकानं बंद ठेवून कर्मचाऱ्यांना शिकवणी दिली आणि काही विकत न घेताही कुणीही बसू शकेल असा नियम केला. २०२५च्या जानेवारीत तो नियम मागे घेतला. घोषणेने आलेला हक्क घोषणेने गेला. सार्वजनिक बागेतल्या बाकाचं असं होत नाही.

आपल्याकडे याचं जवळचं उदाहरण म्हणजे इराणी हॉटेल. इराणहून आलेल्या झोरोस्ट्रियन आणि मुस्लिम कुटुंबांनी ती मुंबई-पुण्यात काढली. धोबी तलावाजवळचं कयानी १९०४चं, पुण्यातलं गुडलक १९३५चं. संगमरवरी टेबलं, लाकडी खुर्च्या, बन-मस्का आणि पानी कम चाय. टॅक्सीवाला, वकील, नाटकवाला आणि नोकरी शोधणारा पोरगा एका रांगेत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या गप्पा तिथे झाल्या, आणि भिंतीवर ‘जास्त वेळ बसू नये’ छापाच्या पाट्याही होत्या. ही हॉटेलं चालली त्यामागे त्यांच्या जुन्या, कमी भाड्याच्या जागा हे मोठं कारण होतं. जागा स्वस्त तर खुर्ची स्वस्त, आणि खुर्ची स्वस्त तर माणूस बसला तरी चालतं. कोपऱ्यावरच्या जागेला सोन्याचा भाव आला तशी एकेक पाटी उतरली. तेव्हा इराणी हॉटेल संपलं याचं दुःख करताना मालकाच्या मुलांना धंद्याची आवड नव्हती एवढ्यावर थांबू नये. तो खुर्चीचा हिशेब मोडला होता.

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिने राहून आलेल्या आईबाबांना विचारा. घर मोठं, फ्रीज भरलेला, नातवंडं गोड. सगळं आहे, पण पायी जाता येईल असं काही नाही. गाडी चालवता येत नाही म्हणजे संध्याकाळी सातपर्यंत घरातच. ज्यांच्या नशिबाने अर्ध्या मैलावर एखादं कॉफीचं किंवा बर्गरचं दुकान असतं आणि तिथे दुसरं एखादं मराठी, गुजराती, तेलुगू जोडपं भेटतं, त्यांचे सहा महिने वेगळे जातात. भाषा मोडकीतोडकी असली तरी चालते. फ्लशिंगच्या त्या कोरियन आजी-आजोबांना ओळखायला या आईबाबांना दुभाषा लागणार नाही.

करोनाने या कट्ट्यांचं काय केलं, तेही सांगायला हवं. २०२०च्या मार्चमध्ये बसायच्या जागा बंद झाल्या आणि पार्सलची खिडकी तेवढी चालू राहिली. ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या सलिनासचं एक छायाचित्र देशभर फिरलं. दोन लहान मुली टॅको बेल या फास्ट फूडच्या दुकानाबाहेर पदपथावर लॅपटॉप मांडून बसल्या होत्या. घरी इंटरनेट नव्हतं. शाळा ऑनलाइन होती. दुकानाचं वायफाय भिंतीबाहेर येत होतं. बातमी झाल्यावर शाळेने त्यांच्या घरी इंटरनेटची सोय केली. दारं बंद असलेल्या दुकानाच्याही भिंतीला टेकून शिकावं लागावं, इतका त्या कुटुंबाचा त्या जागेवर भार होता.

त्या काळात कंपन्यांना एक गोष्ट उमगली: खुर्च्यांशिवायही गल्ला भरतो. २०२२च्या जूनमध्ये मिनेसोटातल्या ब्रुकलिन पार्कला टॅको बेलने एक नवं दुमजली दुकान उघडलं. स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर, खाली गाड्यांसाठी चार रांगा, आणि खाणं छोट्या लिफ्टमधून खाली येतं. आत बसायला जागाच नाही. त्याच वर्षाच्या शेवटी मॅकडोनाल्ड्सनेही टेक्ससमध्ये फोर्ट वर्थजवळ फक्त नेण्यासाठीचं दुकान चालवून पाहिलं. अशा दुकानात कुणी कुणाला उठवत नाही, कारण बसलेलंच कुणी नसतं. आणि गाडीच्या रांगेतून पायी आलेल्या माणसाला बऱ्याच ठिकाणी सुरक्षेच्या कारणावरून काही देतही नाहीत. काठी टेकत, चालत येणाऱ्या आजोबांना तिथे कॉफीसुद्धा मिळायची नाही.